शिशावाचून

शिसे या धातूशी आपल्या लोकांची ओळख फार जुनी आहे. इतकी जुनी, की तिला ओळख म्हणण्यापेक्षा सोयरीक म्हणणेच अधिक शोभेल. मारुतीच्या अंगावर चढणारा शेंदूर म्हणजे शिसे आणि प्राणवायू यांचा संयोग. काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारे मुरदाडशिंग हे त्याच जोडीचे दुसरे रूप. रसशास्त्राने या धातूला ‘नाग’ असे अर्थपूर्ण नाव दिले आणि भस्म करून त्याला औषधांच्या पंक्तीला बसवले. कोळ्याचे जाळे पाण्यात बुडते ते शिशाच्या वजनाने, आणि शिकाऱ्याची गोळी लागे तीही शिशाचीच. फार कशाला, छापखान्यातला खिळा हा शिसे, अँटिमनी व कथील यांचा ओतलेला असे; तेव्हा मराठी मासिकांच्या कित्येक पिढ्यांनी आपले विचार शिशाच्याच मुखातून वदवले, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती ठरू नये.

हा जुना सोयरा आता एकेका घरातून उठून चालला आहे. छापखान्यातून तो गेला तो कोणी हाकलला म्हणून नव्हे, तर नवी यंत्रे आली म्हणून. पेट्रोलमधून मात्र त्याला मुद्दाम काढावे लागले. भारतात २००० सालापासून शिसेविरहित पेट्रोलच विकले जाऊ लागले. घरांच्या भिंतींना व दारांना लावायच्या रंगांत दशलक्ष भागांमागे ९० भागांहून अधिक शिसे असू नये, असा नियम आपल्याकडे २०१६ साली झाला आणि पुढल्या वर्षी तो अमलात आला. विजेच्या उपकरणांतले सांधे ज्या डाखाने जोडतात, त्या डाखातले शिसेही युरोपातील २००६ च्या निर्बंधानंतर पुष्कळ अंशी गेले. असे सगळीकडे त्याला निरोपाचे विडे दिले जात असता एक घर मात्र असे आहे, की तेथून तो अद्याप हलत नाही. आणि यजमानालाही त्याला जा म्हणण्याचे धैर्य होत नाही.

हे घर म्हणजे आपल्या उपकरणांच्या पोटात दडलेले एका विशिष्ट जातीचे सिरॅमिक. ‘सिरॅमिक’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे चिनी मातीच्या बरण्या येतात, आणि भाजून पक्की केलेली भुकटी एवढ्यापुरते ते चित्र बरोबरही आहे. स्वयंपाकघरातला गॅस पेटवण्याचा लायटर घ्या. त्याचा दट्ट्या दाबला की ‘कट्’ असा आवाज होऊन ठिणगी उडते. आत ना बॅटरी असते, ना गारगोटी. असते ती करंगळीच्या पेराहूनही लहान अशी एक कांडी. तिच्यावर स्प्रिंगच्या जोराने इवलीशी हातोडी आपटते आणि त्या आघातासरशी कांडीच्या दोन टोकांमध्ये हजारो व्होल्टचा विद्युत्दाब उभा राहतो. दाबले असता वीज देणाऱ्या, आणि उलट वीज दिली असता किंचित फुगणाऱ्या वा आक्रसणाऱ्या अशा पदार्थांना आपण दाबविद्युत पदार्थ म्हणतो. ही कांडी बहुधा लेड झिर्कोनेट टायटनेट या पदार्थाची असते. शास्त्रज्ञ त्याला सुटसुटीतपणे पीझेडटी म्हणतात. त्याच्या वजनात साठ टक्क्यांहून अधिक वाटा एकट्या शिशाचा आहे.

हा विषय माझ्या मनात घर करून बसला तो एका प्रश्नामुळे. सूनबाईला दिवस गेले तेव्हा नवव्या आठवड्यात सोनोग्राफीसाठी मी तिच्यासोबत गेले होते. पडद्यावरच्या राखी धुक्यात तिळाएवढे काहीतरी लुकलुकत होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “हे हृदय.” परतताना रिक्षात सूनबाईने विचारले, “आई, त्यांच्या हातात ते यंत्र होतं ना, त्याच्या आत काय असतं हो?” आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवल्यामुळे उत्तर माझ्या जिभेवर आले ते तसेच बाहेर पडले. मी म्हटले, “पीझेडटीच्या पातळ पट्ट्या. म्हणजे बरेचसे शिसेच.” ती दचकली. “शिसं? अहो पण गरोदर बाईनं शिशापासून लांब राहावं म्हणतात ना?”

तिची भीती मी तेथल्या तेथे घालवली. त्या पट्ट्यांतले शिसे दगडासारख्या घट्ट स्फटिकात बांधलेले असते, वर आवरणे असतात, आणि पोटाला लागतो तो केवळ ध्वनी. शिशाचा कणही आईकडे किंवा मुलाकडे जात नाही. हे सारे खरे होते. तथापि तिच्या प्रश्नातला खोलवरचा भाग त्याने सुटला नाही. गर्भाच्या मेंदूला ज्या धातूइतके भय थोड्या पदार्थांचे असेल, जो आईच्या हाडांत वर्षानुवर्षे साठून राहतो आणि गरोदरपणात रक्तात उतरून वारेतून मुलापर्यंत पोहोचू शकतो, त्याच धातूच्या डोळ्याने आपण त्या मुलाचे पहिले दर्शन घेतो! हे असे का व्हावे? दुसरा डोळा माणसाला मिळालाच नाही काय?

याचे उत्तर हवे असेल तर त्या सिरॅमिकच्या अंतरंगात थोडे उतरावे लागेल. वाचकांनी एक घन डोळ्यांपुढे आणावा. त्याच्या आठ कोपऱ्यांवर मोठे अणू, सहा बाजूंच्या मधोमध प्राणवायूचे अणू, आणि ऐन पोटात टायटॅनियमचा एक लहान अणू. हा लहान अणू तापलेल्या स्थितीत नेमका मध्यावर असतो. परंतु पदार्थ थंड होऊ लागला की एका ठरावीक तपमानाला तो मध्य सोडून एका बाजूला सरकतो. त्यामुळे घनाच्या एका टोकाला धन व दुसऱ्या टोकाला ऋण विद्युतभार येतो. असे कोट्यवधी घन शेजारी शेजारी एकाच दिशेला कलले, की त्यांचा एक जथा होतो. बाहेरून विद्युत्क्षेत्र लावून या जथ्यांची तोंडे फिरवता येतात, आणि क्षेत्र काढून घेतले तरी बरीचशी तोंडे तशीच राहतात. चुंबकात लोखंड जसे आपली दिशा लक्षात ठेवते तसेच हे. म्हणून अशा पदार्थांना ‘फेरोइलेक्ट्रिक’ हे नाव पडले. वास्तविक त्यांच्यात लोखंड असण्याचे काही कारण नाही. नाव केवळ सादृश्याचे आहे. ज्या तपमानाला ही स्मृती पुसली जाते त्याला क्यूरी तपमान म्हणतात.

दाबातून वीज निघते हे पॅरिसच्या झाक व पिएर या क्यूरी बंधूंनी १८८० साली दाखवले. पुढे १९२० साली अमेरिकेत जोसेफ व्हालासेक या तरुण संशोधकाला रोशेल सॉल्ट या क्षारात फेरोइलेक्ट्रिक गुण आढळला. पण तो क्षार पाण्यात विरघळणारा आणि उष्णतेला भिणारा. नाजूक प्रकृतीच्या माणसासारखी त्याची सारखी निगा राखावी लागे. दुसऱ्या महायुद्धात विद्युत्धारित्रांसाठी लागणाऱ्या अभ्रकाची टंचाई भासू लागली, तेव्हा अमेरिका, रशिया व जपान या तिन्ही देशांत एकमेकांच्या नकळत बेरियम टायटनेट पुढे आला. भट्टीतून निघालेला, टणक, कोणत्याही आकारात घडवता येणारा असा हा पहिला फेरोइलेक्ट्रिक सिरॅमिक. आणि नमूद करण्याजोगी गोष्ट ही, की त्यात शिशाचा अंशही नव्हता. म्हणजे या विद्येचा आरंभ शिशावाचूनच झाला होता. शिसे आले ते नंतर. जपानी संशोधकांनी १९५२ च्या सुमारास लेड झिर्कोनेट व लेड टायटनेट यांच्या मिश्रणांचा अभ्यास केला, आणि १९५४ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये बर्नार्ड जॅफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की झिर्कोनियम व टायटॅनियम यांचे प्रमाण साधारण ५२ ला ४८ असे ठेवले असता या पदार्थाची दाबविद्युत शक्ती कळसाला पोहोचते. तेथे स्फटिकाची दोन रूपे जणू काठावर बसलेली असतात. जरासा धक्का मिळाला की दिशा बदलायला तयार. बेरियम टायटनेट मागे पडला आणि पीझेडटी गादीवर बसला तो आजवर.

शिशाने असे काय केले, जे बेरियमला साधले नाही? बेरियमचा अणू या घनाच्या कोपऱ्यावर गोल गरगरीत, सर्व बाजूंनी सारखा असा बसतो. शिशाच्या अणूजवळ मात्र बंधात न गुंतलेली इलेक्ट्रॉनांची एक जोडी असते. ती जोडी एका अंगाला झुकते, शेजारच्या प्राणवायूशी सलगी करते आणि शिशाच्या अणूलाही जागचा हलवते. बेरियम टायटनेटमध्ये एकटा टायटॅनियम सरकतो. येथे कोपऱ्यावरचा जडशीळ अणूही त्याच्या सोबतीला येतो. त्यामुळेच बेरियम टायटनेटची स्मृती सुमारे १२० अंश सेल्सियसला पुसली जाते, तर लेड टायटनेटची सुमारे ४९० अंशांपर्यंत टिकते. रोनाल्ड कोहेन यांनी १९९२ साली हे रहस्य गणिताने उलगडले. पुढे १९९७ मध्ये मुंबईच्या आयआयटीत शिकून अमेरिकेला गेलेले उमेश वाघमारे यांनी आपल्या मार्गदर्शक कॅरिन राबे यांच्यासह, प्रयोगातले आकडे उसने न घेता केवळ मूलभूत नियमांवरून लेड टायटनेटचे हे स्थित्यंतर मांडून दाखवले. या क्षेत्राच्या पायाभूत कामात एक मराठी नाव आहे, याचा मला एक शिक्षिका म्हणून वाटणारा आनंद वाचकांनी क्षम्य मानावा. परंतु या साऱ्या ज्ञानाचे तात्पर्य मात्र मनाला अस्वस्थ करणारे आहे. शिसे या पदार्थात सवयीने किंवा स्वस्ताईने आलेले नाही. त्याचा गुण त्याच्या इलेक्ट्रॉनांच्या ठेवणीतच आहे. नागाच्या डोक्यावर मणी असतो असे आपली जुनी माणसे सांगत. येथे तो खरोखरच आहे, आणि विष टाळून नुसता मणी काढून घेणे एवढेच काम उरले आहे.

हे काम करू पाहणारी माणसे पुष्कळ देशांत आहेत, आणि त्या विद्येशी आमच्या परिसराचाही संबंध पोहोचतो. अंबरनाथच्या पूर्वेला शीळ–बदलापूर रस्त्यालगत आनंदनगर नावाची वसाहत आहे. कारखान्यांच्या रांगांमधल्या या आनंदनगरात नौदलासाठी लागणाऱ्या पदार्थांवर संशोधन करणारी नेव्हल मटेरियल्स रिसर्च लॅबोरेटरी आहे. १९५३ साली मुंबईच्या नौदल गोदीत एक लहानशी रासायनिक व धातुविषयक प्रयोगशाळा म्हणून तिचा जन्म झाला, पुढे ती संरक्षण संशोधन खात्याकडे आली आणि कालांतराने इकडे वसली. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात टिकणारे धातू, रबरे, लेप, सिरॅमिक हा तिचा प्रांत. नौदलाला दाबविद्युत पदार्थांचे अगत्य का, हे निराळे सांगायला नको. पहिल्या महायुद्धात पॉल लांजव्हँ याने पाणबुड्यांचा शोध घेण्यासाठी क्वार्ट्‌झच्या स्फटिकातून पाण्यात ध्वनी सोडला, तेव्हापासून सोनारचा कान आणि कंठ दोन्ही याच पदार्थांचे झाले आहेत. पुण्याला पाषाण येथे शस्त्रास्त्र संशोधन व विकास संस्थेतही पीझेडटीसाठी स्वतंत्र केंद्र उभारले गेले. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांतून तर बेरियमच्या, बिस्मथच्या, नायोबियमच्या गोळ्या भाजणारे विद्यार्थी दर वर्षी नव्याने तयार होत असतात.

या भाजण्याची रीत मला फार आवडते, कारण तिचे कुंभारकामाशी असलेले नाते लपत नाही. भुकट्या मोजून घ्यायच्या, तासन् तास घोटायच्या, एकदा भाजून पुन्हा दळायच्या, दाबयंत्रात त्यांच्या रुपयाएवढ्या वड्या पाडायच्या आणि बाराशे अंशांच्या आसपासच्या भट्टीत त्या पक्क्या करायच्या. मग दोन्ही अंगांना चांदीचा लेप देऊन, गरम तेलात बुडवून, मिलिमीटरमागे दोन-तीन हजार व्होल्टचे क्षेत्र लावायचे, म्हणजे आतल्या जथ्यांची तोंडे एका दिशेला वळतात. पीझेडटीच्या बाबतीत या भट्टीपाशीच पहिला धोका उभा राहतो. शिशाचे ऑक्साइड ८८८ अंशांना वितळते आणि भट्टीच्या तापात त्याची वाफ होऊ लागते. म्हणून मुशीवर झाकण घालतात आणि उडून जाणार हे गृहीत धरून शिसे थोडे अधिकच घालतात. प्रयोगशाळेत ही वाफ आवरण्याची व्यवस्था असते. जेथे नसेल तेथे ती काम करणाऱ्याच्या छातीत जाते.

कायद्याने या बाबतीत काय केले आहे ते पाहण्यासारखे आहे. युरोपने विद्युत उपकरणांतील कोणत्याही एका घटकात वजनाने ०.१ टक्क्याहून अधिक शिसे असू नये असा निर्बंध घातला. तो १ जुलै २००६ पासून लागू झाला. आपल्याकडे ई-कचऱ्याचे नियम २०११ साली झाले व मे २०१२ पासून अमलात आले. पुढे २०१६ व २०२२ साली ते नव्याने केले गेले. मर्यादा तीच, ०.१ टक्का. पीझेडटीत शिसे तिच्या सहाशेपट! मग हा पदार्थ बाजारात राहिला कसा? तर नियमांच्या पुरवणीत सवलतींची एक यादी असते, आणि दाबविद्युत सिरॅमिकांतले शिसे तिच्यात बसवलेले आहे. कारण प्रामाणिक आहे: त्याच्या तोडीचा दुसरा पदार्थ अजून हाती नाही, आणि इस्पितळांतली यंत्रे बंद पाडून कोणाचेच भले होणार नाही. मला ही सवलत अन्यायाची वाटत नाही. पण सवलत म्हणजे माफी नव्हे, ती मुदत आहे. आणि मुदत घेणाऱ्याने ऋण फेडण्याच्या तयारीला लागावे अशी अपेक्षा असते.

तयारी चालू नाही असे नाही. २००४ साली जपानमध्ये टोयोटाच्या संशोधन केंद्रातील मंडळींनी पोटॅशियम, सोडियम व नायोबियम यांच्यावर आधारलेले एक सिरॅमिक सिद्ध केले. त्यातले स्फटिककण एका रांगेत बसवून त्यांनी ४१६ पिकोकूलॉम प्रति न्यूटन इतकी दाबविद्युत शक्ती मिळवली. बेरियम टायटनेटची शक्ती साधारण १९० भरते, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्याचे महत्त्व कळेल. २००९ मध्ये वेनफेंग लिऊ व शाओबिंग रेन यांनी बेरियम टायटनेटमध्येच कॅल्शियम व झिर्कोनियम मिसळून ६२० चा आकडा गाठला. पीझेडटीच्या उत्तम प्रकारांनाही लाजवील असा हा आकडा. परंतु त्याचे क्यूरी तपमान अवघे ९३ अंशांच्या आसपास! उन्हात तापलेल्या मोटारीच्या इंजिनाजवळ या पदार्थाने आपली सारी विद्या विसरावी, अशी अवस्था. बिस्मथ हा तर आवर्तसारणीत शिशाच्या अगदी शेजारी बसणारा, आणि इलेक्ट्रॉनांची ती झुकलेली जोडी त्याच्याजवळही आहे. रशियात स्मोलेन्स्की यांनी सोडियम-बिस्मथ टायटनेट १९६० च्या सुमारासच पुढे आणला होता. पण त्याचे जथे वळवायला फार मोठे क्षेत्र लागते, आणि दोनशे अंशांच्या आतच ते पुन्हा विस्कटतात. पोटॅशियम-सोडियमच्या भुकट्या हवेतला ओलावा ओढतात आणि भट्टीत उडून जातात. एकात शक्ती आहे तर सहनशक्ती नाही, दुसऱ्यात सहनशक्ती आहे तर मवाळपणा नाही.

शिवाय निष्पाप म्हणून ज्याला पुढे करावे त्याचाही पूर्वेतिहास तपासावा लागतो. २०१६ साली शेफील्ड विद्यापीठातल्या अभ्यासकांनी खाणीपासून तयार मालापर्यंतचा हिशेब मांडला, तेव्हा नायोबियमच्या सिरॅमिकचा निसर्गावर पडणारा भार पीझेडटीहून अधिक निघाला. कारण नायोबियम खणून शुद्ध करण्याचा खटाटोपच मोठा. बिस्मथची कथा आणखी गमतीची. त्याचा बराच भाग शिशाच्या शुद्धीकरणात उपउत्पादन म्हणून मिळतो. म्हणजे शिशाला घराबाहेर काढायला ज्याला बोलवावे, तो त्याच्याच गाडीतून उतरतो!

हे सगळे वाचून एखादा व्यवहारी गृहस्थ विचारील, की एवढा खटाटोप कशासाठी? जगातले बहुतेक शिसे मोटारीच्या बॅटऱ्यांत जाते. लायटरच्या कांडीतले शिसे त्यापुढे दर्यात खसखस. हा आक्षेप खोटा नाही. युनिसेफ व प्युअर अर्थ या संस्थांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणे जगातील सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात चिंता वाटावी इतके शिसे आहे, म्हणजे दर तीन मुलांमागे एकाच्या. आणि त्यांपैकी सुमारे साडेसत्तावीस कोटी मुले भारतातली. यात मोठा दोष हयगयीने फोडल्या जाणाऱ्या बॅटऱ्यांचा आहे, सिरॅमिकचा नव्हे. मग सिरॅमिकची चिंता आधी का?

याचे उत्तर मला एका ग्रंथात न मिळता उल्हासनगरातल्या एका भंगारवाल्याकडे मिळाले. घरातले दोन मोडके लायटर आणि एक जुनी बॅटरी घेऊन मी त्याच्याकडे गेले होते. बॅटरी त्याने लगेच काट्यावर ठेवली. लायटर हातात घेऊन तो म्हणाला, “मावशी, याचं काय येणार? पत्रा वेगळा, प्लास्टिक वेगळं.” मी विचारले, “आणि आतली ती खडूसारखी कांडी?” तो हसला. “तिला कोण विचारतंय? ती जाते कचऱ्यात.”

त्या माणसाने माझ्या मनातला गुंता एका वाक्यात सोडवला. बॅटरीतल्या शिशाला भाव आहे, म्हणून ते परत येते. परत आणण्याची रीत पुष्कळ ठिकाणी भयंकर आहे हे खरे, आणि ती सुधारलीच पाहिजे. पण माल निदान माणसाच्या हाती सापडतो, त्याच्यावर नियम लावता येतो. कांडीला भाव नाही, म्हणून ती परत येत नाही. ती लक्षावधी घरांतून कणाकणाने निसटते आणि कचऱ्याच्या डोंगरात नाहीशी होते. अखंड आहे तोवर ती निरुपद्रवी. पण तिचा चुरा झाला आणि त्यात आम्लयुक्त पाणी मुरले, की शिसे सुटू शकते. पाण्यात काय काय मुरते हे आम्हा अंबरनाथ-उल्हासनगरच्या लोकांना कोणी शिकवायला नको. शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख ज्या शिवमंदिरात सापडला, त्याच्या पायाशी वाहणारी वालधुनी आम्ही कारखान्यांच्या सांडपाण्याने रंगलेली पाहिली आहे. जे एकदा पाण्यात गेले ते वेचून काढता येत नाही.

तेव्हा माझे मत असे झाले आहे, की ज्या वस्तूच्या अवशेषाला मोल आहे तिचे विष तिच्या अंतकाळी आवरता येते. परंतु ज्या वस्तूच्या अवशेषाला मोल नाही ती जन्मतःच निर्विष असली पाहिजे. शिसेविरहित सिरॅमिकचा शोध घेणाऱ्यांकडे या दृष्टीने पाहिले म्हणजे त्यांच्या कामाचा क्रमही निराळा दिसू लागतो. पीझेडटीची सगळी कामे एकट्याने करील असा एखादा सर्वगुणसंपन्न वारस सापडेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. पाणबुडीचा सोनार आणि डॉक्टरांचे सोनोग्राफीचे यंत्र ही मोजकी, महाग आणि नोंदीत असलेली साधने आहेत. त्यांतले शिसे यंत्र मोडल्यावर मोजून परत घेता येते. त्यांना सवलतीची मुदत अवश्य असावी. पण लायटर, खेळण्यातली पिपाणी, भेटकार्डातून गाणे म्हणणारी चकती यांना तितकी सूक्ष्मता लागत नाही. त्यांच्यासाठी मध्यम शक्तीचा, पण स्वस्त आणि निरुपद्रवी पदार्थ पुरेल. आणि असा साधा पदार्थ साध्या भट्टीत हमखास कसा उतरवावा, हा प्रश्न ६२० चा आकडा गाठण्याइतकाच मानाचा समजला गेला पाहिजे. आपल्याकडल्या एखाद्या महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याने बेरियमच्या वडीची शक्ती १९० वरून २५० वर नेली आणि ती शंभर वेळा तशीच उतरवून दाखवली, तर त्या वार्तेला वर्तमानपत्रात जागा मिळणार नाही. पण भंगाराच्या दुकानामागच्या आवारात खेळणाऱ्या मुलाच्या दृष्टीने ती मोठी वार्ता आहे.

सूनबाईच्या प्रश्नाला मी रिक्षात दिलेले उत्तर तिच्यापुरते पुरेसे होते. तिचा मुलगा आता पायावर उभा राहू लागला आहे आणि हाताला लागेल ती वस्तू तोंडात घालतो. त्याच्या वयाच्या साऱ्या मुलांची हीच रीत. कोणती वस्तू तपासलेली आणि कोणती सवलतीची, हे विचारण्याची शक्ती त्यांना नसते. ती तपासणी त्यांच्या वतीने अगोदर कोणीतरी करून ठेवावी लागते: भट्टीपाशी, मुशीवरचे झाकण उचलून, पांढरी वडी काट्यावर ठेवून, आणि आकडा कमी आला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा भुकटी घोटायला बसून.